न सांगायची दवंडी

"दवंडी पिटायची, पण हुकूम काय आहे ते कुणाला कळता कामा नये!" पिंगळगडचे राजे हणमंतराव म्हणाले, आणि भिवा दवंडीवाल्याच्या हातातली हलगी धाडकन खाली पडली.

झालं होतं असं. राजेसाहेबांनी हौसेनं परमुलखातली पांढरी बदकं आणली. गावच्या तळ्यात म्हशी डुंबतात, बायका धुणी आपटतात, पोरं उड्या मारतात. हे त्या नाजूक जिवांना सोसत नाही, असं राजांच्या मनानं घेतलं. तळ्याला कुंपण घालायचा हुकूम लिहून त्यावर मोहोरही उठली. पण पिंगळगडची रीत जुनी. दवंडी पिटल्याशिवाय हुकूम लागू होत नसे, आणि पुढच्या बाजारापर्यंत लोकांनी हरकत घेतली तर तो रद्द होई. हरकत तर अख्खा गाव घेणार! म्हणून दिवाणजींनी ही नामी युक्ती काढली. दवंडी झाली म्हणायला झाली, आणि कागद लाल रुमालात बांधून दफ्तरखान्यात कुलूपबंद!

"हुकूम फुटला तर तुझी इनामाची जमीन जप्त," राजे म्हणाले, "आणि दवंडी दिली नाहीस तरी जप्त!"

भिवा घरी येऊन मटकन बसला. त्याची लेक हौसा भाकऱ्या थापत होती.

"इकडं आड, तिकडं विहीर झालीया पोरी," तो म्हणाला. "सांगावं तर जमीन जाती, न्हाई सांगावं तर तळं जातं. आपली म्हस कुठं पाणी पिणार? आन् आपण तरी कुठं?"

हौसानं पिठाचे हात झटकले. "आबा, हलगी द्या हिकडं. सरकार म्हणाले ना, तस्संच करू!"

ती चौकाचौकात हलगी वाजवत फिरली. "ऐका हो ऐकाऽ! सरकारांचा एक हुकूम निघालाय! त्यो तुमास्नी कळू नये, असाबी हुकूम हाय! म्हणून म्या सांगत न्हाई होऽऽ!"

आणि खरंच, ती पुढं अवाक्षर बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. बोलायला गाव होता!

पारावरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, मिशीवर पट्टी बसणार, दर मिशीमागं कर! दुपारपर्यंत निम्म्या गावाच्या मिशा उतरल्या. न्हाव्याला उसंत नाही, त्यामुळे राजांची दाढी तशीच राहिली. कुणी म्हणालं, कोंबड्या सरकारजमा होणार. घरोघर रस्सा शिजला! कुणी म्हणालं, दूध सरकारजमा होणार. गवळ्यांनी घरीच बासुंदी आटवली, आणि वाड्यावर दुधाचा थेंब येईना.

राजे संतापले. त्यांनी भिवाला दुसरी दवंडी द्यायला पाठवलं, "मिशीवर पट्टी नाही होऽऽ!"

"म्हंजे हायच की!" गाव म्हणाला. "नसती तर न्हाई कशाला म्हणले असते?" उरलेल्या मिशाही गेल्या.

त्यात आतून दासी धावत आली. राणीसाहेब पेटारा भरून निघाल्या होत्या. त्यांच्या कानावर आलं होतं, की गुप्त हुकूम म्हणजे राजांचं दुसरं लग्न!

"छे छे, काहीतरीच!" राजे म्हणाले.

"मग कागद दाखवा!" राणीसाहेब म्हणाल्या. "नाहीतर आम्ही निघालो माहेरी!"

राजे स्वतः दफ्तरखान्यात पळाले. कुलूप काढलं, रुमाल सोडला, कागद आणला. राणीसाहेबांनी तो वाचला, राजांकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "बदकं?" आणि त्या पेटाऱ्यावर बसून पोट धरधरून हसू लागल्या.

राजांचा सगळा राग मग हौसावर निघाला. तिला दरबारात उभं केलं. राणीसाहेबही चिकाच्या पडद्याआड येऊन बसल्या.

"हुकूम फोडलास तू!" राजे गरजले.

"म्या? एकाला तरी इचारा सरकार, काय कळलंय त्ये!"

दिवाणजींनी दारावरच्या शिपायाला पुढं बोलावलं. "काय रे, हुकूम काय आहे?"

शिपायानं आपल्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवला. "मिशीवर पट्टी, दिवाणजी."

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी छताकडे बघू लागले. राजांनाही हसू आवरेना, पण त्यांनी कसंबसं तोंड आवळलं.

"मग हे थांबवायचं कसं? आम्ही नाही म्हणालो, की लोक होय समजतात!"

"राणीसाहेब माहेरी निघाल्या व्हत्या म्हणं. त्या कशानं थांबल्या, सरकार?" हौसानं विचारलं.

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या.

"कागद दाखवला तेव्हा," राजे हळूच म्हणाले.

"मग गावालाबी त्येच औषध द्या की!"

कागद चावडीवर लागला. ज्याला वाचता येई त्यानं मोठ्यानं वाचला, इतरांनी ऐकला. बाजाराच्या आदल्या दिवशी सारा गाव हरकत घ्यायला वाड्यासमोर हजर! राजे सज्जात आले. खाली पाहतात तो काय, म्हातारेकोतारे, पाटील, पैलवान, सगळे सफाचट! राजे असे हसले, असे हसले, की त्यांना कठड्याला धरावं लागलं.

"रद्द! हुकूम रद्द!" ते डोळे पुसत म्हणाले. मग हौसाकडे वळले. "पण पोरी, आमच्या बदकांचं काय गं?"

"त्येंला कोण अडवतंय, सरकार? तळं गावाचं, आन् बदकंबी गावातलीच की! पवू द्या म्हशींसंगं!"

राजे पुन्हा हसायला लागले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं, आणि वर दफ्तरखान्याचं कुलूपही. "हे घे! आता आम्हाला नको. तुझ्या घराला लाव!"

"आमच्या घरात लपवायजोगं हाय काय, सरकार?" हौसा म्हणाली. पण कुलूप तिनं नेलं. चांगलं वजनदार होतं. दह्याच्या मडक्यावर झाकण दाबायला ठेवलं, तेव्हापासून मांजर बिचारं हरकत घेऊन घेऊन दमलं आहे!