लोमटेसाहेबांची सपाट रेघ

पिंपळटाकळीच्या नळांना फक्त सोमवारी पाणी यायचं. नगरपालिकेत आकडेवारी सांभाळणाऱ्या कुमुदताई ढेकणे यांनी तसाच आलेख काढला. सोमवारचे ठिपके वर, बाकी सगळे शून्यावर.

मुख्याधिकारी लोमटेसाहेब खेकसले, "ढेकणेबाई, आलेखाला गोवर आलाय का? सात-सात दिवसांची सरासरी काढा आणि एक गुळगुळीत रेघ ओढा."

बाईंनी ओढली. रेघ वर्षभर सपाट, शून्याच्या थोडी वर.

"बघा, रोज पाणी आहे! टँकर बंद करा!"

अर्धं गाव ज्यांच्यावर तगलं होतं, ते टँकर बंद झाले. कचेरीची टाकीही त्यांच्याच पाण्याने भरायची. गुरुवारी साहेब घाईघाईने संडासात शिरले आणि थोड्या वेळाने आतून ओरडले, "अहो, नळाला पाणी नाही!"

कुमुदताईंनी तोच आलेख दाराखालून आत सरकवला. "असं कसं, साहेब? तुमच्या रेघेत गुरुवारीही पाणी आहे."

आत कागद सळसळला. मग मऊ आवाज आला, "कुमुदताई, एक बादली मिळेल का?"

"मिळेल की. आलेखामागे टँकर सुरू करायचा आदेश लिहिलाय, तेवढी सही करा. आणि साहेब, कागद दुसऱ्या कशाला वापरू नका, मला परत हवाय."