आडोबाला चौथरा का नाही

तुमच्या आज्याच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही हकिकत. साल विचारू नका. ज्याला साल हवं असेल त्याने तलाठ्याकडे जावं, आणि ज्याला गोष्ट हवी असेल त्याने गप बसून ऐकावं.

आमचं उंबरझाप घाटमाथ्यावर, गवळी-धनगरांचा वाडा, म्हणजे वस्ती. बाजाराचं गाव कुसरं, ते घाटाखाली. आणि दोन्हीच्या मधे हा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आडवा पडलाय, म्हणून याचं नाव आडवा सडा. उन्हाळ्यात नुसता काळा कातळ, पाय भाजतो. पण आषाढ लागला की हा सडा माणसाचा राहत नाही. धुकं असं उतरतं की स्वतःच्या हातातली काठी टोकापर्यंत दिसत नाही. आणि जागोजाग असते रुतण. वरून बघावं तर लुसलुशीत हिरवळ, बारीक निळी फुलं, आणि पाय टाकला की माणूस मांडीपर्यंत आत. म्हैस गेली तर म्हैस जाते, नुसती शिंगं राहतात.

अशा सड्यावरून भर पावसाळ्यात ये-जा करणारा एकच माणूस होता, बमू ढेबे. त्याच्याबरोबर त्याचा कुत्रा चिंध्या. रानडुकराने याचे दोन्ही कान फाडून टाकले होते, म्हणून चिंध्या. दिसायला म्हणाल तर ध्यान होतं नुसतं!

बमूची रीत अशी. वाटेवर साठ-सत्तर पावलांवर त्याने एकेक दगड मांडलेला. तिथे पोचला की तो बसायचा, चंची सोडायचा, तंबाखू मळायचा, आणि बोटाला उरलेला चुना त्या दगडाला पुसायचा. अंगठ्याएवढा पांढरा ठिपका. येताना-जाताना ठिपका ताजा व्हायचा, आणि तंबाखूही व्हायची. कुणी म्हणालं की बमूदा, वाट तुला ठावी का कुत्र्याला, तर त्याला राग यायचा. "कुत्रं सशामागं पळतं," तो म्हणायचा. "दगड खोटं बोलत न्हाई."

लोक म्हणायचे, बमूला काय, तो डोळे मिटून सडा ओलांडेल. या बोलण्यानेच पुढे घात केला, ते बघा.

एका श्रावणात बमू तुपाचा घडा घेऊन कुसऱ्याच्या बाजाराला उतरला. पावसाने अडकला, चार दिवस तिथेच राहिला. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा जावई धाकलू मुक्कामाच्या घराच्या दारात येऊन कोसळला. तो परगावचा, सड्याला भिणारा, म्हणून नदीकाठच्या लांबच्या वाटेने आदला अख्खा दिवस आणि रात्र चालून आलेला. पाय सुजून खांब झालेले.

"मामा," तो म्हणाला, "येसूला परवापास्नं कळा येत्यात. मोकळी हुईना. राहीमावशीला घिऊन चला, न्हाईतर..."

पुढचं त्याला बोलवेना, आणि बमूला ऐकवेना. येसू बमूची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी उंबरझापला आलेली. याआधीची तिची दोन्ही बाळं हातात येण्याआधीच गेली होती. ही तिसरी खेप. या खेपेला येसूही वाचते की नाही अशी वेळ.

राहीमावशी कुसऱ्याची सुईण. साठी उलटलेली, एका डोळ्याने अधू, जिभेने मात्र धडधाकट. "नदीनं गेलो तर उद्या पोचू," बमू म्हणाला. "सड्यावरनं दुपारच्या आत." मावशीने आकाशाकडे पाहिलं, सड्याकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखंच पांढरं होतं. "चल," ती म्हणाली. "पण मला चालीव, पळवू नगंस."

धाकलूला तिथेच ठेवून बमू, मावशी आणि चिंध्या अशी तिघं घाट चढून सड्यावर आली. पहिला दगड वाकड्या कुंभ्याच्या झाडाखाली. बमू झाडाखाली गेला. झाड होतं. दगड नव्हता.

बमू खाली वाकून चाचपू लागला. वाटलं, गवतात दडला असेल. मग वाटलं, झाडच दुसरं असेल. पण इतकं वाकडं झाड या मुलखात दुसरं नव्हतं. "धुक्यात हुतं असं," तो स्वतःशीच म्हणाला आणि मनाने साठ-सत्तर पावलं मोजून पुढे गेला. तिथेही दगड नाही. चिंध्या डावीकडे ओढत होता. बमूने त्याला हाड् केलं आणि उजवीकडे वळला, कारण तिसरा दगड उजवीकडे असायला हवा होता.

नव्हता. त्याचं डोकं गरगरायला लागलं. वीस वर्षं ज्या सड्यावर तंबाखू मळली, तो सडा आज ओळख दाखवेना. कातळ सगळे सारखे, गवत सारखं, पाण्याचा आवाज चारी बाजूंनी. मग धुक्यातून समोर काहीतरी काळं, रुंद, कंबरेएवढं उंच उभं राहिलं. दगडांचा चौकोनी थर. अशी वस्तू सड्यावर कधीच नव्हती. बमू न बघताच वळला आणि भराभरा उलटा चालू लागला.

घटकाभराने समोर पुन्हा तेच. पुन्हा वळले. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी बमू मटकन खाली बसला. "मावशे, चकवा लागला," तो म्हणाला.

आता चकवा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तो माणसाला गोल गोल फिरवतो. आणि त्यावर उतारा ठरलेला. घोंगडी उलटी पांघरायची, जागच्या जागी बसायचं, आणि पुढून कुणी चालू लागलं, हाक मारली, तरी त्याच्या मागे म्हणून जायचं नाही. आपलं माणूस असलं तरी नाही, कारण चकवा आपल्याच माणसाचं रूप घेतो. बमूने घोंगडी उलटी केली. चिंध्या पुढे जायचा, पोटापर्यंत भिजून परत यायचा, बमूचं धोतर दातात धरून ओढायचा. बमूने एक खडा उचलून त्याला मारला. "जा!" तो ओरडला. "तू माझा चिंध्या न्हाईस!"

कुत्रा लांब जाऊन बसला आणि त्याच्याकडे बघत राहिला. असं म्हणतात की त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणणारे धुक्यात कुठे होते, हा प्रश्न वेगळा.

दुपार कलली. राहीमावशी त्या दगडांच्या थराला टेकून बसली होती. तिचा हात सहज खाली गेला आणि ती दगडाला डोळा लावून बघायला लागली. "बमू, ह्ये बघ रं."

दगडावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका होता. बाजूच्या दगडावरही. त्याच्या खालच्यावरही. बमू रांगत पुढे आला. सगळे दगड त्याचे होते. थराच्या वर शेंदूर फासलेला आडोबा बसला होता, सड्याचा राखणदार, जो पिढ्यान्‌पिढ्या उघड्या जमिनीवर असायचा. त्याला कुणीतरी नवा चौथरा बांधला होता, आणि बमूची अख्खी वाट गोळा होऊन देवाखाली बसली होती.

बमूला काही कळेना. हे खरं की चकव्याचं? देवाने दगड ओढून घेतले? आपल्या हातून काय चुकलं? त्याच्या कानात लेकीचा आवाज यायला लागला आणि तो ढसाढसा रडला. मोठा माणूस, पण रडला.

राहीमावशीला मात्र राग आला. "रडतुयास काय मेल्या! तिकडं पोर अडलीया. मला एवढंच सांग, चकवा माणसाला लागतू. कुत्र्याला चकवा लागल्याचं कुणी ऐकलंय कधी?"

असं कुणीच ऐकलं नव्हतं.

"मग ऊठ," मावशी म्हणाली.

बमूने हाक मारली. चिंध्या एका हाकेत आला, मार विसरून. बमूने कंबरेची दोरी सोडली, एक टोक कुत्र्याच्या गळ्यात बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. चार पावलं गेले, आणि बमूने ओळखीचा वाटणारा कातळ बघून दोरी उजवीकडे खेचली. कुत्रा थांबला. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. तेव्हा बमूने काय करावं? उलटी घोंगडी डोक्यावरून तोंडापर्यंत ओढली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मागे त्याचं धोतर धरून राहीमावशी. लोक म्हणायचे तो डोळे मिटून सडा ओलांडेल. ओलांडला.

चिंध्याने त्यांना जुन्या वाटेने नेलंच नाही. सरळ रुतणीमधून नेलं, जिथून हरणही जात नाही. पंजा टाकायचा, दाबून बघायचा, मग पुढे. असं म्हणतात की तो पाय उचलायचा तिथे चिखल दगडासारखा टणक व्हायचा, आणि राहीमावशी पलीकडे पोचली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता.

दिवेलागणीला उंबरझाप आलं. मावशी तशीच आत गेली. बमू बाहेर कुत्र्याला धरून बसला. आणि मग आतून रडणं ऐकू आलं, बारीक, चिडकं, जिवंत. मुलगी झाली होती. येसू वाचली होती.

बमूने पहिली गरम भाकरी मागून घेतली आणि स्वतः न खाता चिंध्याला घातली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सोनाई हसत हसत सांगू लागली. येसू सुखरूप मोकळी व्हावी म्हणून तिनेच आडोबाला चौथरा बोलला होता. माथ्यावरचं धुकं मधेच उघडायचं, तेवढ्या वेळात सगळ्या वाड्याने मिळून चार दिवसांत बांधला. सड्यावर इतके नेमके, सारखे दगड आयते मिळाले! वाटेचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बमूला कुठे दगड लागतात, तो तर डोळे मिटून जातो.

"आवं, द्येव पावला का न्हाई?" सोनाई म्हणाली.

बमूने तिच्याकडे पाहिलं. रागवायला गेला, पण तिचे दगड वाहून सोललेले हात दिसले. "पावला," तो म्हणाला. "पर सोने, द्येवाला कुटं जायचं असतं? वाट माणसाला लागती."

तो सड्यावर गेला, मागून अख्खा वाडा गेला, आणि त्याने आडोबाला दोन्ही हातांनी उचलून खाली जमिनीवर ठेवलं. वाडा घाबरून बघत राहिला. देवाचा दगड काढला म्हणजे कोप ठरलेला. बमूने पहिला दगड खांद्यावर घेतला. मग सोनाई पुढे आली आणि तिने दुसरा घेतला. मग सगळ्यांनी घेतले.

पण ठेवायचे कुठे? बमूच्या डोक्यातली जुनी वाट त्या धुक्यात पुसली गेली, ती पुन्हा आलीच नाही. तेव्हा चिंध्या पुढे निघाला. तो जिथे बसेल तिथे दगड ठेवायचा, असं ठरलं. आज आपण चालतो ती वाट बमूची नाही, कुत्र्याची आहे.

पुढे बरीच वर्षं दोघं ठिपके ताजे करत फिरले. मग एका श्रावणात गेले ते आलेच नाहीत. शेवटच्या दगडावर उलटी घोंगडी मिळाली, आणि चुना ओला होता. कुणी म्हणतं रुतणीने घेतलं, कुणी म्हणतं आडोबाने. धुक्यात वाट चुकलेल्याला आजही फाटक्या कानाचा कुत्रा दिसतो, असं म्हणतात. मला दिसला नाही. मी चुकलो नाही म्हणून असेल.

उंबरझापात अजून बाळ जन्मलं की पहिली भाकरी कुत्र्याला जाते, मग बाळंतिणीला. श्रावणात घरटी एक माणूस सड्यावर जाऊन आपापल्या दगडाला चुन्याचं बोट लावतं. आणि आडोबा अजून उघड्या जमिनीवर बसलाय. अधूनमधून कुणी पैसेवाला भाविक येतो आणि म्हणतो, एवढा जागृत देव आणि साधा चौथरा नाही? मी बांधून देतो. वाड्यातल्या म्हाताऱ्या त्याला ताक देतात, बसायला घोंगडी देतात, आणि एकच विचारतात:

"बाबा, दगड कुठनं आणणार?"