मैनेची उचकी

मोटारी आपसात मनसोक्त गप्पा मारत, त्या काळची ही गोष्ट. मधुकाकांच्या शेडमध्ये दोन जुन्या मोटारी राहत होत्या, लांबलचक, चकचकीत राणी आणि बुटकी, खोकणारी मैना.

"काकांचे गुडघे आता जेमतेम चालतात. उद्या आपल्याला चालवणार कोण?" मैना म्हणाली. "भंगारवाला दोनदा डोकावून गेलाय गं!"

"तरुण पोरं येतील आणि माझा थाट बघून भाळतील," राणी म्हणाली.

पोरं खरंच आली. काकांची पुतणी शर्वरी मैत्रिणींना घेऊन आली. राणीसमोर फोटो निघाले. काका ओरडले, "हात लावू नका, डाग पडतील!" झालं, पोरी निघाल्या.

काका त्यांना मैनेतून स्टँडवर सोडायला निघाले. भर बाजारात मैनेने मुद्दाम एक उचकी दिली आणि ती ठप्प झाली.

"उतरा, धक्का मारा!" काका म्हणाले.

पोरींनी असा धक्का मारला की मैना खिदळतच सुटली. पोरी किंचाळत मागे धावल्या, एकीची चप्पल रस्त्यातच राहिली, धुराने शर्वरीचं नाक काळंकुट्ट झालं. "काका, सरका! आता मी चालवणार!"

पुढच्या रविवारी शर्वरी मैत्रिणींसह पाना घेऊनच हजर! सगळ्याजणी मैनेच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसल्या.

"काय जादू केलीस गं?" राणीने विचारलं.

"तू त्यांना बघायला बोलावलंस, मी धक्का मारायला."

संध्याकाळी पोरींना स्टँडवर सोडायला काकांनी राणीला बाहेर काढलं. जन्मात कधी बंद न पडलेली राणी ऐटीत भर बाजारात आली, पोरी आतच आहेत ना ते तिने पाहून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाली, "फुस्स!"