टेकडीवरचा पिवळा दिवा

"...मग ऐकत का नाहीत हो लोक, बाबा?"

इस्माईलबाबा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. दोन महिन्यांची भटकंती संपवून ते दुपारीच टेकडीवर परतले होते. समोर श्रीनाथ कुलथे, वीजखात्यातला तरुण इंजिनिअर. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"गावच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी दोन महिन्यांत दोनदा जळाली. संध्याकाळ झाली की प्रत्येकाला सगळं एकदमच हवं. गिरणी, मोटारी, पाणी तापवायचे हीटर... मी पाळ्या लावून दिल्या, कुणी पाळत नाही. मोटारी आपोआप बंद होतील अशी बटणं बसवली, तर पठ्ठ्यांनी तारा जोडून ती निकामी केली!"

"हं..."

"आता कुलपंच ठोकतो."

बाबा खाली बघत राहिले. गावावर चुलींचा धूर तरंगत होता. घरं त्या धुरात अर्धवट झोपल्यासारखी दिसत होती.

"एवढा का चिडतोस, बेटा?"

श्रीनाथचा आवाज उतरला.

"आई माझ्याजवळ असते, खाली गावात. ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. मागच्या खेपेला डीपी जळाली, तेव्हा सिलिंडर येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले. आणि मी, इंजिनिअर... वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो होतो."

दरीत कुठेतरी मोर ओरडला आणि गप्प झाला.

मग बाबांनी वर पाहिलं. कमानीतला त्यांचा जुना पिवळा बल्ब लख्ख जळत होता. बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"हा असा कसा जळतोय?"

श्रीनाथ खुलला. "स्टॅबिलायझर लावलाय ना! तुमची जागा तारेच्या अगदी शेवटी. खाली वापर वाढला की तुमचा दिवा सगळ्यांच्या आधी मंदावायचा. आईसाठी नवस बोललो होतो... बाबांचा दिवा कधी मिणमिणू देणार नाही."

"कधी लावलास?"

"तुम्ही गेलात, त्याच आठवड्यात. रोज संध्याकाळी दिवाही मीच लावत होतो."

बाबा उठले. भिंतीवरचं ते खोकं त्यांनी सोडवलं आणि बल्बची पिन सरळ बोर्डात खोचली.

दिवा झपकन उतरला. विझत आलेल्या निखाऱ्याएवढा उजेड उरला.

"अहो बाबा..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

खाली गिरणीची घरघर थांबली.

मग ओढ्याकाठची एक मोटार थांबली. थोड्या वेळानं दुसरी.

कुठल्याशा अंगणातून एका बाईची हाक वर आली, "बाबांच्या कमानीकडे बघ! दिवा पुन्हा बारीक झालाय, हीटर काढ गं!"

कमानीतला बल्ब हळूहळू उजळत गेला. आधी पायऱ्या दिसल्या, मग बाबांची पांढरी दाढी, मग श्रीनाथचा पडलेला चेहरा.

"म्हणजे... दिवा मंदावला नाही, म्हणून डीपी जळाली? माझ्यामुळे?"

श्रीनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बाबांनी वाहू दिलं.

मग स्टॅबिलायझर त्याच्या हातात ठेवला.

"हा आईच्या मशीनला लाव, बेटा... मला मिणमिणू दे."