ठकुबाईनं कचेरीचं छप्पर चारलं

घाटात अजून रस्ता झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. करंजमाळावर गवळी धनगरांची वस्ती होती. तिथं ठकुबाई झोरे नावाची एक विधवा राहायची. तिच्या हाकेला दोन डोंगरांपलीकडची म्हैस मान वळवायची, असं म्हणतात.

एका वर्षी पौषात वणवा लागला. माळावरचं गवत जळालं, हिवाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गवताच्या उडव्याही जळाल्या. म्हशी राख हुंगत फिरू लागल्या. तेवढ्यात खबर आली, सरकारनं चारा पाठवलाय. पण तो घाटाच्या पायथ्याशी, कचेरीच्या आवारात. साहेबाचा सांगावा होता, "गाडी वर चढत नाही. गुरं घेऊन सगळे खाली या, इथंच राहा."

लोक बोचकी बांधू लागले. ठकुबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"पल्याडच्या माळाचं काय झालं? लोक चाऱ्यापायी उतरले आन् मागं सरकारचं कुंपण पडलं. परत कुनाला चढू दिलं? चुली पेटत्या ठेवा. गुरं घिऊन मी एकली जाते."

ती उतरली. मागून सगळ्या वस्तीच्या म्हशी, रांगेनं, आवाज न करता. कचेरी तेव्हा गवतानं शाकारलेली होती. ठकुबाईनं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला आणि म्हशींनी तोंडं वर केली. त्या दिवशी त्यांच्या माना हातभर लांबल्या, असं म्हणतात. दुपारपर्यंत नुसते वासे उरले आणि साहेब टेबलाशी उन्हात बसलेला.

"बाई, हे काय चालवलंय?" तो ओरडला.

"सरकारचं गवत खात्यात, सायेब. सरकार चारा देतंय म्हनून तुम्हीच सांगावा धाडलात की."

"अगं, पण गाडी वर जात नाही!"

"गाडी कुनी मागितली? गवत द्या. डोकी आमची हायेत. आन् माळ आमी सोडनार न्हाई, तेबी ऐकून ठेवा."

कचेरीच्या भिंती कुडाच्या होत्या आणि म्हशींची भूक अजून भागली नव्हती. साहेबानं आवारातला चारा मोकळा केला.

ठकुबाईनं भारा उचलला. खालून बघणाऱ्यांना बाई दिसेना, अख्खी उडवी घाट चढताना दिसली, असं म्हणतात. वाटेत जिथं काडी गळली तिथं भर थंडीत हिरवं पातं फुटलं. ते पाहून वस्तीतली माणसं उरलेला चारा वाहायला धावत उतरली. पुढं दर हिवाळ्यात चारा येऊ लागला, आणि करंजमाळावर कुंपण कधी पडलं नाही.

ठकुबाई म्हातारी होऊन माळावरच गेली. आता घाटात रस्ता आहे, साहेबांची जीप थेट वर येते. वस्तीच्या अलीकडच्या वळणावर बाया ती अडवतात. साहेबाला खाली उतरवतात, त्याच्या डोक्यावर गवताची पेंढी ठेवतात आणि 'हा ठकुबाईचा भार' म्हणून पुढची चढण पायी चालायला लावतात. पेंढी घेऊन आला, त्याला तांब्याभर दूध मिळतं. नाही घेतली, त्याच्यासाठी करंजमाळावर कुणी घोंगडी अंथरत नाही. मग तो केवढाही मोठा साहेब असो.