फुगडीची गोधडी

आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. ऐकणाऱ्या पोरांना ते ऐकू येत नाही.

मी गिरणीत दळण दळतो. आमच्याकडे मिठी नावाची एक छोटी कुत्री आहे. दळण घ्यायला येणारा जो तो विचारतो, "पिल्लं कधी? एक आमच्यासाठी ठेव." मला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. मी नुसती मान हलवतो. म्हणून माझी पुतणी सानू हिच्यासाठी ही गोष्ट रचली. मोठ्याने वाचा. "लुटुलुटु" आलं की पोरांना म्हणू द्या.

उताराची एक आळी होती. आळीत सगळ्यात वरच्या घरात फुगडी राहायची.

फुगडी म्हणजे कुत्री. केवढी? तांब्याएवढी. रंग कसला? खारकेचा. आणि शेपूट? शेपूट कसलं, कापसाचा बोळा.

फुगडीची एक गोधडी होती. लाल ठिपक्यांची. मऊ मऊ. ऊन ऊन.

थंडीचे दिवस होते. सकाळी फुगडी अंगणात जाऊन आली. बघते तर काय, गोधडी नाही. कोपऱ्यात नाही. खाटेखाली नाही. गोधडी गेली कपाटावर. उंच उंच.

शेवंतामावशी तांदूळ पाखडत होती. फटक फटक, फटक फटक.

"मावशी, मावशी, माझी गोधडी दे."

"नाही देणार," मावशी म्हणाली. "ती तुझ्या पिल्लांसाठी ठेवलीय."

"मला कुठं पिल्लं आहेत?"

"होतील की. शिंपीकाकाला एक कबूल केलंय. शिंपीकाका नको म्हणाला, तर गोधडी देईन."

फुगडीचं नाक गार. फुगडीचे पाय गार. निघाली उतारावरून. लुटुलुटु, लुटुलुटु.

शिंपीकाका मशीन चालवत होता. खटखट खटखट.

"शिंपीकाका, शिंपीकाका, पिल्लू नको म्हण.
मावशी गोधडी देईना,
मला ऊब मिळेना."

काकाच्या तोंडात दोरा होता. तो दातांतूनच बोलला. "नको कसं म्हणू? हे बघ, पिल्लाचं अंगडं शिवतोय. खाली कासारीणमामी पिल्लू घेणार. आणि मी काय मशीनशी खेळू? मामी नको म्हणाली, तर मी नको म्हणेन."

फुगडी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

कासारीणमामी बांगड्या मांडत होती. किणकिण किणकिण.

"कासारीणमामी, कासारीणमामी, पिल्लू नको म्हण.
काका शिवण सोडेना,
मावशी गोधडी देईना,
मला ऊब मिळेना."

"अगं बाय माझे," मामी म्हणाली, "मी तर घुंगरूसुद्धा ओवले. पिल्लाच्या गळ्यात घालायला. खाली चाचाच्या बेकरीत पिल्लू येणार म्हणे. मग माझ्या दुकानात चिटपाखरू तरी येईल का? चाचा नको म्हणाला, तर मी नको म्हणेन."

फुगडी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पाववाले चाचा भट्टीत ट्रे सारत होते. सर्र-खट, सर्र-खट.

"चाचा, चाचा, पिल्लू नको म्हणा.
मामी घुंगरू ठेवेना,
काका शिवण सोडेना,
मावशी गोधडी देईना,
मला ऊब मिळेना."

"बेटा, मला कशाला पाहिजे पिल्लू?" चाचा म्हणाले. "पावात केस निघायचे. पण माझी नात नूरी, तिला पाहिजे. तिनं हे खोकंसुद्धा आणून ठेवलंय. आत मऊ चिंध्या घातल्यात. हात लावला तर माझ्यावर रुसते. नूरी नको म्हणाली, तर मी नको म्हणेन."

फुगडी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आळी संपली. पुढे पाण्याचा हौद. हौदाच्या काठावर नूरी बसली होती. एकटीच. जिभेने दात हलवत होती.

फुगडीला धाप लागली. तरी तिने सगळं सांगितलं. एका दमात.

"नूरी, नूरी, पिल्लू नको म्हण.
चाचा खोकं हलवेना,
मामी घुंगरू ठेवेना,
काका शिवण सोडेना,
मावशी गोधडी देईना,
मला ऊब मिळेना."

"मला तर पाहिजे पिल्लू," नूरी म्हणाली. "नावपण ठरलंय. खारी."

आता फुगडी कुठं जाणार? पुढे आळीच नाही. फुगडी खाली बसली. तिला आली जांभई. एवढीशी. आऽऽऽ.

नूरीने वाकून पाहिलं.

"तुझा दात हलतोय."

"हो. डुगूडुगू."

"माझापण. बघ. डुगूडुगू. तुझा दुधाचा आहे?"

"दुधाचा."

नूरीने परत जिभेने दात हलवून पाहिला. मग म्हणाली, "दुधाचा दात असताना कुणी अम्मी होतं का? मी तर बाहुलीलासुद्धा खाली पाडते."

"मीपण काल दुधाची वाटी पाडली," फुगडी म्हणाली.

"पण मग माझ्याशी खेळणार कोण?"

"मी."

"रोज?"

"रोज. झोप झाली की."

नूरी हौदावरून उतरली. "मग नको. आत्ता पिल्लू नको. नाव ठेवते जपून."

नूरी नको म्हणाली, चाचा नको म्हणाले. "सुटलो रे बाबा," असंही म्हणाले. त्यांनी खोकं पुढे सारलं. नूरीने त्यात फुगडीला ठेवलं. पिल्लाचं खोकं. फुगडी त्यात मावली.

नूरी खोकं घेऊन निघाली चढावर. हाश-हुश, हाश-हुश. मागून चाचा.

चाचा नको म्हणाले, मामी नको म्हणाली. "मग घुंगरांचं काय करू? घाला हिलाच." पिल्लाचे घुंगरू. फुगडीच्या गळ्यात बसले. छुनछुन छुनछुन.

निघाले चढावर. हाश-हुश, छुनछुन. मागून मामी.

मामी नको म्हणाली, काका नको म्हणाला. "अंगडं तर झालंय. फुगडे, हात वर कर बघू." पिल्लाचं अंगडं. ना सैल, ना घट्ट.

काकाने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "अरेच्चा. हे तर हिच्याच मापाचं झालंय."

निघाले चढावर. हाश-हुश, छुनछुन. मागून काका.

मावशी अजून तांदूळ पाखडत होती. फटक फटक. तिने दारात खोकं पाहिलं. खोक्यात अंगडं पाहिलं.

"अगंबाई, कुणाचं गं हे पिल्लू?"

अंगड्यातून एक नाक बाहेर आलं.

"मी आहे, मावशी. फुगडी."

"हिचा दात बघा," नूरी म्हणाली. "डुगूडुगू आहे."

मावशीने सूप खाली ठेवलं. फुगडीला उचललं. दात पाहिला. हळूच बोट लावलं. डुगूडुगू.

"मी मघाशी काय म्हणाले होते?" मावशीने विचारलं.

"गोधडी पिल्लांसाठी आहे," फुगडी म्हणाली.

"मग पिल्लालाच दिली पाहिजे."

मावशी स्टुलावर चढली. काकाने स्टूल धरलं. मामीने काकाला धरलं. गोधडी खाली आली. धप्प. लाल ठिपक्यांची. मऊ मऊ. ऊन ऊन.

"पण मावशी, पिल्लं मग कधी?" काकाने हळूच विचारलं.

"आधी हिचे दुधाचे दात पडू देत. नवे येऊ देत. दोन दिवाळ्या जाऊ देत. अंग भरू दे. मग डॉक्टरीणबाईंना विचारू. त्या हो म्हणाल्या तर एकेका पिल्लाला घर बघू. पावात केस चालतील असं घर."

चाचा हसले.

"आणि बाई नको म्हणाल्या तर?" नूरीने विचारलं.

"तर नको. फुगडी आहे की."

फुगडीने गोधडीवर तीन गिरक्या घेतल्या. बसली. नाक शेपटीत खुपसलं.

नूरीने दिला हट्ट सोडून,
चाचाने दिलं खोकं,
मामीने दिले घुंगरू,
काकाने दिलं अंगडं,
मावशीने दिली गोधडी,
फुगडीला मिळाली ऊब.

घुर्र, घुर्र. हळू बोला. फुगडी निजलीय.

गोष्ट ऐकून झाल्यावर सानूने आमच्या मिठीचं तोंड उघडून पाहिलं. "काका, हिचे दात नाही हलत." मी म्हणालो, "बाकीचं डॉक्टरांना विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिठीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, छाती ऐकली, मागचा पाय हळूच वाकवला. म्हणाले, "गुडघ्याची वाटी सरकते हिची. उड्या कमी मारू द्या, मजेत जगेल. पण पिल्लं नकोत. त्यांनाही हेच दुखणं येईल." मी बरं म्हणालो आणि येऊन गिरणी सुरू केली. रांगेत पहिल्याच मामांनी विचारलं, "काय रे, पिल्लं कधी?" मी म्हणालो, "नाही." गिरणी चालू होती. त्यांना ऐकू आलं नाही. मग मी मोठ्याने म्हणालो. सगळ्या रांगेने ऐकलं. मिठी पिठाच्या पोत्यावर निजली होती, तिने एक कान हलवला आणि परत निजली.