बुवांच्या खडावा

"पण बुवा, यांनी वाजायलाच हवं का?"

विश्वंभरानं बुवांच्या लाकडी खडावा हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात प्रत्येक वस्तूच्या घडणीमागं काही विचार असतो, हे त्याला बुवांनीच शिकवलं होतं. तांब्याचा गळा अरुंद का, पळीचा दांडा टोकाला वाकडा का, सगळं त्यानं पटापट ओळखलं होतं. तेव्हापासून स्वारी जरा हवेतच होती.

"खडावा का वाजतात ते कळलं, की ये," बुवा म्हणाले. "मंत्र देईन."

त्या मंत्रासाठीच तर तो घरदार सोडून आला होता. पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी त्याची खात्री पटली, की यात विचारबिचार काही नाही, लाकूड फरशीवर आपटलं की वाजणारच. मग त्यानं सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे कापून खडावांच्या तळाला ठोकले आणि त्या बुवांपुढं ठेवल्या.

बुवांनी त्या घातल्या. अंगणात एक फेरी मारली. जरासुद्धा आवाज नाही.

"छान," एवढंच म्हणाले.

मंत्राचं नावही काढलं नाही. विश्वंभर आतल्या आत धुमसत राहिला. दुपारी स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसला, तेव्हा आचारी गुंडोपंतांपुढं त्यानं सगळी मळमळ ओकली. बुवांना स्वतःलाच उत्तर ठाऊक नसणार, माहीत नसलं की गूढ बोलायचं आणि शिष्यांना झुलवत ठेवायचं, असं बरंच काही.

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की गुंडोपंतांचा हात सुपातच थांबलाय.

त्यानं मागं वळून पाहिलं.

दारात बुवा उभे होते...

बुवांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायले आणि आले तसे निघून गेले.

विश्वंभराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री बुवा आडवे झाल्यावर त्यानं खडावांचं रबर उपटून काढलं, त्या होत्या तिथं ठेवल्या आणि आपल्या खोलीत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. आता कुठला मंत्र आणि कुठला मठ. शेवटची गाठ मारताना त्याला रडू कोसळलं.

तेवढ्यात पडवीच्या टोकाकडून आवाज आला. खट्... खट्... खट्...

त्यानं घाईनं डोळे पुसले. गाठोडं पायानं खाटेखाली सारलं. विस्कटलेलं उपरणं नीट केलं. आवाज सावकाश, अगदी सावकाश जवळ येत होता.

बुवा दारात आले. "काय रे, कळलं?"

विश्वंभरानं होकारार्थी मान डोलावली.

"मग उद्या सकाळी अंघोळ करून ये. मंत्र घे."

"पण बुवा... दुपारी मी जे बोललो, ते तुम्ही..."

"दुपारी?" बुवांनी उंबऱ्यावर खडाव हलकेच आपटली. "मी तर हा आत्ता येतोय. आवाज आला ना तुला?"